अनसूयाबाईंची तीनचाकी आणि हुजुरांचा निवाडा

श्रीगजाननास व विश्वकर्म्यास नमन करून जाहले वर्तमान लिहितो. शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात तुळाजी पांचाळ म्हणून मोटारींचे कारागीर राहात होते. त्यांचे कुटुंब अनसूयाबाई शाळेत मुलांस शिकवीत, आणि शाळा दोन कोसांवर, आणि बाईंचा पाय गुडघ्यापासून अधू जाहला, मग चाकरी सुटावयाची वेळ आली. तेव्हा तुळाजींनी मनी धरिले की, बाईंपुरती गाडी आपणच सिद्ध करावी. बंदरी कोणी परदेशी साहेब सुट्या भागांतून जोडावयाच्या गाडीची पेटी न जोडताच टाकून गेला होता, ती मिळविली. पेटीत सांगाडा, पत्रे आणि नकाशा. इंजिन व चाके जुन्या मोटारीची काढून घालावी, ऐसे नकाशात लिहिले होते. मग तुळाजी सरदार हैबतरावांकडे गेले. त्यांची मोटार झाड पडून चेपली होती. सरदार बोलिले की, भंगार आहे, घेऊन जा, जागा मोकळी होईल. मग तुळाजी दोन वर्षे खपले, आणि पुढे दोन चाके व मागे एक लावून गाडी उभी केली, आणि बाई स्वतः हाकीत शाळेस जाऊ लागल्या.

पुढे राजधानीत नामी गाड्यांची मिरवणूक निघाली, तेथे उभयता गेली. महाराजांनी तीनचाकीची बहुत तारीफ केली, आणि तारीफ कानी पडताच हैबतराव पुढे सरले आणि बोलिले की, इंजिनावर आमचा नंबर, सबब गाडी आमची. कारभाऱ्यांनी नंबर ताडून पाहिला आणि तुळाजींपाशी दिल्याचा कागद मागितला. कागद कोठला? सरदारांनी तोंडी दिलेले तोंडीच गिळिले, आणि महाराज सर्व उमजून विडा चघळीत बसले. निवाडा जाहला की, सरदारांचे ते सरदारांस द्यावे, उरले ते कारागिराने न्यावे. लिहिताना अंगाचा तिळपापड होतो. मग अनसूयाबाई काठी टेकीत पुढे आल्या आणि शांतपणे बोलल्या, "सरदारसाहेब, तुम्ही भंगार दिले होते, ते परत न्या. गाडी यांनी केली. ती तुमच्यापाशी कधी नव्हतीच." मग तुळाजींनी भर चौकात पाना घेऊन एकेक बोल्ट सोडविला, इंजिन व चाके सरदारांच्या पायाशी ठेविली, आणि सांगाडा बैलगाडीत घालून उभयता माघारी निघाली. सरदारांस त्या ढिगाची गाडी करिता येईना, तो पावसात गंजला. तुळाजींनी सहा महिन्यांत दुसरी मोडकी मोटार मिळविली, या खेपेस देणाराची सही घेतली, आणि तीनचाकी पुन्हा रस्त्यास लाविली. मधल्या काळात बाईंची शाळा बुडाली, त्याची दाद कोणी घेतली नाही.

सारांश, निवाडा सरदारांच्या बाजूने जाहला, गाडी अनसूयाबाईंकडे राहिली, आणि अन्याय महाराजांच्या नावे राहिला. घडले तैसे लिहिले. हुजुरांस रुचो अथवा न रुचो.