चुगलखोर पाटे

सीतारामआप्पांच्या ट्रकमध्ये बसायचं तर आधी हातात ताकाने काठोकाठ भरलेला लोटा घ्यावा लागे. तिकीटच म्हणा ना. लोटा मांडीवर धरायचा, वर हात ठेवायचा नाही आणि गाडी तापीच्या घाटापर्यंत जाऊन येईतो हूं की चूं करायचं नाही. परत आल्यावर आप्पा लोट्यात बोट बुडवून ताक किती उरलं ते पाहत. सांडलेलं माझ्या धोतरावर असे. तिकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.

मी त्यांचा शेजारी, तहसील कचेरीतला कारकून. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या काळची ही गोष्ट. कचेरीत जुने कागद नव्याने लिहून लिहून बोटं आखडलेली असत. संध्याकाळी घरी येऊन पाय धुवावेत, तर आप्पा दारात हजर. "बाबू, चाल. जरासं बसून पाह्य." आता सांगायला हरकत नाही, मी त्या माणसाला फार कंटाळलो होतो. नाही म्हणायचाही कंटाळा यायचा, म्हणून जायचो.

आप्पा नेपानगरच्या कागद कारखान्यात फिटर होते. बायको लवकर गेली. एकुलती एक लेक इंदू खकनारच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका खेड्यात दिलेली. घरात आप्पा एकटे आणि अंगणात ट्रक. लढाईनंतरच्या लिलावात घेतलेला, चारही चाकांना जोर असलेला. नाल्यातून, नांगरलेल्या रानातून, कुठूनही वाट काढी. गल्लीत त्याला रणगाडा म्हणत. त्यातून उतरल्यावर माणूस आधी जिभेने आपले दात चाचपून बघे.

याला कारण त्याचे पाटे. चाकांच्या वर लोखंडी पट्ट्यांची चळत असते ना, ते. आप्पांचा त्यांच्यावर भलताच राग. "पाटा चुगलखोर असते, बाबू. रस्त्यावर खड्डा आला का लगेच वर जाऊन सांगते. कॉइल तशी नाही. कॉइल पोटात ठेवते." कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, विलायती मोटारींना असायची. रणगाड्याचे पाटे काढून कॉइल बसवायच्या, या एका ध्यासात त्यांनी पाच वर्षं घालवली आणि माझ्याही पाच वर्षांचं ताक केलं.

पहिल्यांदा त्यांनी एका शेठजींच्या मोडीत निघालेल्या मोटारीच्या कॉइल आणल्या. ट्रक त्यांच्यावर टेकवला, तर तो म्हशीसारखा खालीच बसला. मग रेल्वेच्या भंगारातल्या आणल्या. त्या इतक्या कडक की पहिल्याच खड्ड्याला मी आणि लोटा वेगवेगळ्या दिशांना गेलो. तिसऱ्या साली जोड जमला, पण गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. आप्पांनी तीन दिवस ट्रकखाली पडून विचार केला आणि चौथ्या दिवशी माझ्या खिडकीत येऊन म्हणाले, "बाबू, पाटा दोन कामं करते. वजनही झेलते अन् चाकाच्या आसालेही जागेवर धरून ठेवते. कॉइल नुसती झेलते. धरत नाही!" मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? आस धरून ठेवायला लोखंडी दांडे बसवण्यात ते सालही गेलं.

या सगळ्यामागे कारण एकच, आखाजीला इंदूला आणायचं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. तिला आणायला माहेराहून मुऱ्हाळी जातो, बहुतेक भाऊच. इंदूला भाऊ नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आप्पा स्वतः रणगाडा घेऊन तिला घेऊन आले होते. त्यानंतर एकदाही गेले नाहीत. दरवर्षी आखाजीच्या आधी इंदूचं कार्ड येई, "मुऱ्हाळी कधी येतो?" आप्पांना लिहिता येत नव्हतं, म्हणून उत्तर मी लिहायचो. आशीर्वाद विशेष. गाडीचे मागचे पाटे काढले. पुढचे राहिले. पुढल्या आखाजीला नक्की.

"अहो, बैलगाडी पाठवा," मी एकदा वैतागून म्हटलं, "नाही तर मी जातो. पोरगी वाट पाहतेय."

"बैलगाडीही आपटते," आप्पा म्हणाले आणि पाना घेऊन ट्रकखाली सरकले. त्यांना पोरीपेक्षा स्प्रिंगचं वेड जास्त आहे, असं मी मनात ठरवून टाकलं.

पाचव्या साली कार्डात एक ओळ जास्त होती. "सातवा महिना लागला. बाळंतपणाला न्याल ना?" मी ती वाचली तेव्हा आप्पा हात पुसत होते. ते बराच वेळ हातच पुसत राहिले. पुढचे पंधरा दिवस ते कारखान्यातून येत आणि थेट ट्रकखाली जात. आखाजीच्या चार दिवस आधी आम्ही घाटापर्यंत जाऊन आलो. लोटा जसाच्या तसा. आप्पांनी तो माझ्या हातून घेतला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडी खरंच लोण्यासारखी चालत होती, पण आप्पा तिला चालवतच नव्हते. खड्डा दिसला की थांबायचे, उतरून त्यात दगड भरायचे, मग पुढे. दोन बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. दुपारी इंदूच्या गावच्या नाल्यापाशी आलो आणि आप्पांनी इंजिन बंद केलं.

"बाबू, तू पायी जा. तिले घेऊन ये. मी इथंच थांबतो."

माझं डोकं फिरलं. "पाच वर्षं ही गाडी केलीत, ती काय नाल्यात उभी करायला? पोरीच्या दारात जायला काय झालं?"

आप्पांनी समोरच्या दगडांकडे बोट केलं. "मागच्या खेपेले इथंच आपटली होती. अशी आपटली का इंदूनं डोळे मिटून घेतले. तिसरा महिना होता तिले. घरी आल्यावर दोन दिवसांनी पोट पडलं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिच्या सासरच्यायसमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

ताकाने भिजलेली सगळी धोतरं आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. मी उतरलो आणि गावाकडे चालू लागलो.

इंदू तयारच होती. सासूने ओटी भरली, दीर पेटी घेऊन नाल्यापर्यंत आला. बापाला पाहून ती हसली, वाकून पाया पडू लागली, तर आप्पांनी तिला मध्येच धरलं. सीटवर त्यांनी दोन गाद्या घातल्या होत्या. ती बसल्यावर ते खिडकीशी उभे राहिले आणि हात जोडावेत तसं बोलले, "भिऊ नको, बेटा. पाटे काढून टाकले. मागच्यासारखं नाही होणार. एकदम हळू नेतो."

इंदूने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दीर माघारी वळून लांब जाईपर्यंत ती गप्प राहिली.

"आप्पा, म्हणून तुम्ही नाही आले? पाच वर्षं?"

आप्पांनी मान डोलावली.

"गाडीनं काही नव्हतं झालं, आप्पा. निघायच्या आधीपासूनच दुखू राह्यलं होतं मले. अंगावरून जात होतं. सासरी सांगितलं असतं तर पाठवलंच नसतं यायनं. मले तुमच्याजवळ यायचं होतं."

"मंग वाटेत मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही गाडी माघारी फिरवली असती."

आप्पांनी दाराची कडी घट्ट धरली. पाच वर्षं माझ्या अक्षरात त्या पोरीला पाट्यांची खबर जात होती, आणि तिला काय झालं होतं हे आम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. आप्पांचे डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला.

"लई दुखत होतं का गं, इंदे?"

"हो, आप्पा," इंदू म्हणाली. "लई."