आपुलकीचा तक्ता

मूल्यशिक्षण कसं शिकवायचं, हे मला कुणी सांगायचं नाही! म्हणून मोठ्या बाई तिसरीच्या माझ्या वर्गात एक नवी मुलगी घेऊन आल्या, तेव्हा मी नुसती हसले.

"आईवडील बांधकामावर आहेत, लांबून आलेत," त्या म्हणाल्या. "वर्षातली ही तिची तिसरी शाळा. इथे तरी टिकली पाहिजे हं."

"आठ दिवसांत दुधात साखर विरघळवून दाखवते!"

रविवारी भिंतीवर लावायला मोठा तक्ता केला, नवऱ्याकडून त्यावर चौकटी आखून घेतल्या. वर ठसठशीत अक्षरांत 'आपण सारे एक'. नियम सोपा: नव्या मुलीला मदत केली की एक चांदणी.

"अगं, एका पोरीवर अख्खा वर्ग सोडतेस?" नवरा म्हणाला.

"तुम्हाला मुलांतलं काही कळत नाही!"

सोमवारी तिचं दप्तर तिघांनी उचललं. तीन दिशांना! बंद तुटला. मंगळवारी तिच्या बुटाची नाडी इतक्या जणांनी बांधली, की शिपाईमामांना कात्री आणावी लागली. बुधवारी वकिलानं, म्हणजे पहिल्या बाकावरच्या आमच्या बोलघेवड्यानं, तिची पेन्सिल लपवली.

"अरे, का?"

"बाई, मग तिला माझी देता येते ना!"

चांदणी द्यावी लागली. नियम म्हणजे नियम!

गुरुवारी कहर झाला. दोघींनी तिला मैदानात चक्क ढकललं. तिसरी उचलायला तयारच होती, चौथा कापूस घेऊन! तिचा गुडघा सोलवटला आणि तक्त्यावर दोन चांदण्या वाढल्या. मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "वा! हा तक्ता इतर शाळांना दाखवू." मी अशी काही फुगले, की आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं. त्या गुडघ्याकडे मी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी तिची आई दारात उभी. हातांवर सिमेंट वाळलेलं.

"बाई, खरं सांगा. पोरीला काही मोठं दुखणं आहे का?"

"छे हो! असं का विचारता?"

"सगळी पोरं हिला धरून चालवतात. संडासाला जायचं तर चार जणी बरोबर. सोमवारपासून येत नाही म्हणते. कामावर कुठे ठेवू हो मी हिला?"

मुलगी आईच्या मागे उभी होती. पाच दिवसांत तिच्याविषयी मी शाळाभर बोलले होते, तिच्याशी मात्र जेमतेम दोन वाक्यं. मी खाली वाकले. "तुला काय हवंय गं?"

तिनं तक्त्याकडे बोट केलं. "माझं नाव कुठाय?"

मी पाहिलं. वर 'आपण सारे एक'. खाली सगळ्या वर्गाची नावं. ती सोडून!

माझी कानशिलं तापली. जागा नव्हती, तरी तळाशी तिरपं तिचं नाव लिहिलं.

"आता चांदणी कशी मिळेल?"

"नव्या मुलीला..." मी अडखळले, "नव्या मुलीला मदत केली की."

तिनं जरा विचार केला. मग वर्गाकडे वळून, पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडली, "मला कुणी धरायचं नाही! माझी मी चालते!" आणि माझ्यापुढे हात केला. "झाली मदत. द्या."

मी दिली. सोमवारी ती आली. एकटी, स्वतःचं दप्तर स्वतः घेऊन.

तक्ता मी त्याच दिवशी फाडून टाकला. मोठ्या बाई अजून विचारतात, "अहो, इतर शाळांना काय दाखवायचं?" मी सांगते, त्याला वाळवी लागली. आठ दिवसांत, भिंतीवरच्या कोऱ्या करकरीत कागदाला! आणि 'नेहमी खरे बोलावे' हा धडा या वर्गाला मीच शिकवते.