साक्ष कुणाच्या बाजूनं?

"रविवारी माझी साक्ष आहे, मावशी. लई भीती वाटायला लागलीय," एवढंच क्रांती शेजारच्या चिमणाबाईंच्या दारात उभ्या उभ्या बोलून गेली, आणि तिथंच सगळं चुकलं.

चर्चमध्ये साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. चर्चच्या वर्धापनदिनाला तीस वर्षं ही साक्ष क्रांतीचे बाबा देत. आंबोलीच्या घाटात एस.टी.चा ब्रेक गेला आणि प्रभूनं कसं तारलं, हे सगळ्यांना पाठ होतं. फक्त घाट दर वर्षी थोडा लांबत असे. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. यंदा चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "क्रांती, तू उभी राहा." तिला नाही म्हणता आलं नाही.

चिमणाबाईंना मात्र साक्ष एकच ठाऊक होती, ती कोर्टातली. आणि मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत सध्या खटलाही एकच होता: दूधवाल्या गुंडूच्या नव्या टेंपोचा आरसा कुणी फोडला? गुंडूच्या मते समोरच्या अमरसिंहानं. गाडी लावण्यावरून दोघांचं आधीच वाजलेलं. अमरसिंह म्हणे, "मी फोडला असता तर दुसरा सोडला असता व्हय?" पंधरा दिवस गल्ली या भांडणावर जगत होती.

"कुणाच्या बाजूनं देणार साक्ष?" चिमणाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

"देवाच्या," क्रांती म्हणाली.

"म्हंजे खरंच सांगणार!" चिमणाबाई उठल्याच. अर्ध्या तासात गल्लीभर झालं, की क्रांतीनं सगळं बघितलंय.

बघितलं होतंच. आरसा तिनंच फोडला होता. बाबांची स्कूटर चार महिने जिन्याखाली पडून होती. एका दुपारी तिनं ती बाहेर काढली, आणि पहिल्याच वळणाला हँडल टेंपोला घासलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सांगायचं तर स्कूटरचं सांगावं लागणार, मग बाबांचं निघणार, आणि मग तिला पुढं बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले.

संध्याकाळी गुंडू खरवसाचा डबा घेऊन आला. "घे ताई. काय बघितलंस ते बिनघोर सांग. तुझ्याकडनं कोण हाय?"

"पाळकसाहेब आहेत की."

"साहेब? कुठल्या ठाण्याचे?"

"चर्चचे, दादा. साक्ष चर्चमध्येच असते."

"आयला, तुमच्यात तिथंच मिटवत्यात व्हय? लई बेस!" गुंडू खूश होऊन गेला. काय मिटवतात, हे क्रांतीच्या ध्यानात येईना.

ते आलं अमरसिंह आल्यावर. त्याच्या हातात आजऱ्याचे काजू होते. "सासुरवाडीचं हाय. ताई, एवढंच सांग, आरशाच्या भानगडीत माझं नाव घेणार हायस का?"

क्रांतीनं काजू त्याच्याकडंच परत सरकवले. "दादा, तो आरसा ना..."

"आत्ता न्हाय!" अमरसिंहानं कानांवर हात ठेवले. "साक्षीदार फोडला म्हणतील. रविवारी, सगळ्यांम्होरं!"

रविवारी पुढच्या बाकावर चिमणाबाई. "मी बी येतो म्हटलं," असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगूनही टाकलं होतं. डावीकडं गुंडू, उजवीकडं अमरसिंह. गल्लीतलं माणूस बोलावून बोलावून बाबा थकले होते. आज निम्मी गल्ली न बोलावता आली होती.

क्रांतीनं कागद उघडला. त्यावर आंबोलीचा घाट होता. तिनं तो परत मिटला.

"गुंडूदादाचा आरसा मी फोडला," ती म्हणाली. "बाबांची स्कूटर काढली होती. कुणी विचारलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून गप्प बसले. दोघं भांडत होते, मी खिडकीतून ऐकत होते. देवानं काय केलं ते सांगण्याआधी, मी काय केलं ते सांगते."

कुणीतरी खोकलं. मग अमरसिंह उभा राहिला.

"साहेब, मला बी साक्ष द्यायची हाय. आरसा मी न्हाय फोडला. खरं टेंपोच्या चाकातली हवा मीच सोडलती. दोनदा."

"तीनदा!" गुंडू ओरडला.

"तिसऱ्यांदा मी न्हाय, आईशपथ!"

"मग मी बी सांगतो," गुंडू उठून म्हणाला, "तुझ्या नळाचा कॉक रोज सकाळी मीच बंद करतो."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांच्या सेवेत न सांगता असा पश्चात्ताप त्यांनी पाहिला नव्हता. भरल्या आवाजात ते म्हणाले, "पुढच्या रविवारी आणखी कुणाला साक्ष द्यायची आहे?"

चिमणाबाईंचा हात वर गेला. "माझं स्वतःचं काय न्हाय, साहेब. खरं गल्लीतल्या एकेकाचं बघितलंय मी. पंचवीस वर्षं."

उपासना संपली. बाहेर गुंडू आणि अमरसिंह एका कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून उभे होते.

"भावा," गुंडू कुजबुजला, "मावशीला मुरगूडला लेकीकडं सोडून येऊया का? एक रविवार जाऊ दे."

"टेंपो काढ," अमरसिंह म्हणाला.

मागं उभ्या क्रांतीनं हे ऐकलं. या खेपेला मात्र तिनं गप्प बसायचं ठरवलं.