बिनचिठ्ठीची गोळी

माझ्या हद्दीत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एकही कोंबडी औषध खात नाही! पोल्ट्र्यांचा औषध निरीक्षक म्हणून हे मी छाती ठोकून सांगत असे. गेल्या मंगळवारपर्यंत.

त्या दिवशी मी आणि माझा सहायक एका बाईंच्या पोल्ट्रीवर थडकलो. माल न्यायला ट्रक फाटकात उभा. मी खाद्याच्या पोत्यात डोकं घातलं आणि अशी शिंक आली, की दोन हजार कोंबड्या एकदम गप्प झाल्या! खिशातून रुमाल ओढला, नाक पुसलं आणि पुढच्या पोत्याकडे वळलो.

तेवढ्यात सहायक ओरडला, "साहेब, खाद्यात गोळ्या! अँटिबायोटिक!"

त्याच्या हातात अर्धवट संपलेली पट्टी.

"माझ्या नाहीत हो," बाई म्हणाल्या. "दोन हजार चोची उघडून एकेक गोळी कोण भरवणार?"

"तेच तर!" मी कडाडलो. "धडधाकट पक्ष्यांना औषधं चारता, जंतू निर्ढावतात! उद्या तेच माणसाच्या अंगात शिरले, की कुठलंच औषध चालत नाही. विक्री बंद! ट्रक परत पाठवा!"

बाईंचा चेहरा पडला. दीड महिन्याची मेहनत होती ती. ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला.

इतक्यात माझा फोन वाजला. हातात मोजे, म्हणून सहायकानं स्पीकर लावला.

"अहो," बायकोचा आवाज सगळ्या शेडभर घुमला, "शिंका थांबल्या का? मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या रुमालात गुंडाळून दिल्यात. दोन घेऊन टाका, म्हणजे सर्दी वाढायला नको!"

मी खिसा चाचपला. रुमाल होता, गोळ्या नव्हत्या.

बाईंनी पदर खोचला. "चिठ्ठी कुठल्या डॉक्टरची?"

"चिठ्ठी अशी नाही..."

"आजार?"

"साधी सर्दी."

"आणि कोर्स अर्धवट सोडलेला!" बाई म्हणाल्या आणि "अहो, थांबा, थांबा!" करत ट्रकमागे धावल्या.

सहायक कारवाईचा अर्धा भरलेला फॉर्म घेऊन तसाच उभा. खोडाखोड चालत नाही आमच्याकडे.

"साहेब, 'औषध दिलेला प्राणी' या रकान्यात काय लिहू?"

"नर!" फाटकातून बाई ओरडल्या. "वय पन्नाशी! वजन त्यांनाच विचारा!"

विचारलं नाही त्यानं. अंदाजानं लिहिलं. तेही जास्तच!