मौजे भाजे येथील सत्तावीस शून्ये

"चुलीचा धूर आमच्या डोळ्यांत जातो तवा कुणी साहेब येत न्हाई. आभाळात गेला की लगीच जीप!" खांब घेऊन जीप गावात आली, तेव्हा शेजारची नंदाबाई माझ्या कानाशी पुटपुटली.

धूर नेहमी दुसऱ्याच्या घरातून निघतो, हे शास्त्राचे पहिले तत्त्व आहे. त्याला अनुसरून १९७४ साली पुण्याच्या एका कचेरीने भाज्यात, शाळेच्या अंगणात खांब रोवला आणि वर व्हॅसलिन फासलेली काच बसवली. हवेतले कण काचेला चिकटणार, त्यांची मोजदाद मुंबईच्या गणकयंत्रात जाणार, आणि यंत्र सांगणार की या कणांनी ऊन किती अडते, जमीन किती निवते आणि पन्नास वर्षांनी पाऊस किती घटतो. (उद्याचा पाऊस सांगायची यंत्रात सोय नव्हती.)

फॉर्मात धुराचे रकाने चार: चूल, राब, शेकोटी, बिडी. मोटारीला रकाना नव्हता. फॉर्म जीपमध्ये बसून तयार केला होता.

मोजणी चोख व्हावी म्हणून वैशाखभर राब भाजायला मनाई झाली. राब म्हणजे शेणपाला पसरून भाताच्या रोपांची जागा भाजून काढणे. नाही भाजली, तर रोपांआधी तण उगवते, आणि तण काही शिजवून खाता येत नाही. नंदाबाईच्या घरात खाणारी तोंडे सात होती.

आता, शाळेचे अंगण झाडायचे काम नंदाबाईच्या थोरल्या जावेकडे, कस्तुराबाईकडे. सरकारी पाहुण्याची वस्तू, आणि तीही अशी तेलकट! बाईने ती रोज पहाटे राखेने घासून लख्ख केली. सात वाजता मोजणीदार भिकाजीराव येत, सचोटीने शून्य लिहीत आणि नवे व्हॅसलिन फाशीत. (जुने कुठे गेले, हा प्रश्न फॉर्मात नव्हता.)

सत्तावीस दिवस, सत्तावीस शून्ये. कचेरीने निष्कर्ष काढला की राब थांबताच हवा शंभर टक्के शुद्ध झाली; सबब राब कायमचा बंद. पेपरात छापूनही आले.

रविवारी हुकमावर सही करायला साहेब गावात आले. पेपर वाचून शुद्ध हवा खायला एकोणीस मोटारीही आल्या. (वाचकहो, आपणही होतात. शाळेसमोर इंजिन चालू ठेवून आपण छाती भरून श्वास घेतलात.)

काच कोण घासते ते गावाला ठाऊक होते, पण थोरल्या जावेचे नाव चारचौघांत कोण घेणार? भिकाजीराव स्वतःच्या चपला न्याहाळत होते. साहेबांनी पेनाचे टोपण काढले.

"थांबा साहेब," नंदाबाई म्हणाली. "हवा न्हाई, काच साफ हाय. आमच्या जाऊबाई रोज राखंनं घासत्यात. राब आमी उद्या भाजणार."

मग ती आपल्याकडे वळली.

"आन पाव्हणं, तुमी मघाधरनं छातीत भरून घेताय न्हवं, त्यो तुमच्याच मोटारीचा धूर हाय."