देवाच्या नावाची कोंबडी

चर्चचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, बाजूला काढल्याशिवाय पगाराला हात लावायचा नाही, असं मी दर महिन्याला ठरवते. पण गॅस, लेकीची, रंजिताची फी आणि गाडीचा हप्ता यांना माझा बेत आधीच कळतो की काय, ते रांगेत पुढे येऊन उभेच असतात. चर्चच्या वाट्याला उरते चिल्लर. (तीही कधीकधी भाजीवालीने परत दिलेली.) म्हणून यंदा मी पक्कं नियोजन केलं. आमच्या दहा कोंबड्यांतली एक देवाची. तिची अंडी विकायची आणि ते पैसे चर्चला द्यायचे.

इथवर ठीक होतं. पण महिला मंडळाच्या सभेत सगळ्याजणी आपापलं दान सांगत होत्या. मीही उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "नाताळपर्यंत चर्चला पंखा मी देते."

एका कोंबडीच्या जिवावर पंखा!

तेव्हापासून दर रविवारी बायका छताच्या रिकाम्या हुकाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. प्रार्थनेत डोळे मिटले तरी मला हुकच दिसायचा.

घरी वेगळीच पंचाईत. सगळ्या कोंबड्या तांबड्या. कुठलं अंडं कोणाचं, ओळखायचं कसं? एका सकाळी यांचं (हे शाळेत शिपाई आहेत) आम्लेट खाऊन झालं आणि मी किंचाळले, "अहो, ते देवाचं असलं तर?"

"मी आधी प्रार्थना केली होती," हे म्हणाले आणि गाडी काढून गेले.

शेवटी मी देवाच्या कोंबडीच्या पायाला लाल दोरा बांधला. त्याच आठवड्यात तिने अंडी देणं बंद केलं! बाकीच्या घालतच होत्या. दोरा दुसरीला बांधावा का? ही देवाची फसवणूक, की फायदा? या काळजीने माझं जेवण सुटलं.

एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला आले. मी चर्च झाडून परतेपर्यंत सासूबाईंनी रस्सा तयार ठेवला होता. मी वाढलं, साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पाणी आणायला मी अंगणात गेले, तर पिसांच्या ढिगात लाल दोरा.

"आई! दोऱ्याचीच कापली?"

"मंग? तूच दोरा बांधेल व्हता ना! माले वाटनं, पाव्हनासाठे राखेल शे."

मला रडूच फुटलं. पाळकसाहेबांसमोर सगळं सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच थांबला.

"म्हणजे ताई, मी पंखा खाल्ला?"

यांना जोरात ठसका लागला.

"अर्धा तरी माझ्या पोटात आहे," साहेब म्हणाले. "तेव्हा अर्धे पैसे माझे."

"उरलेले मी देतो," हे ताटात बघत म्हणाले. "पगार झाला की आधी ते, मग गाडीचा हप्ता."

मला आणखीनच रडू आलं, पण ते वेगळं.

नाताळच्या सकाळी पंखा लागला. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, बटण दाबलं. पंखा काय सुंदर फिरला! मेणबत्त्या विझल्या, गीतांची पुस्तकं फडफडली आणि स्वेटर-शालीतली सगळी मंडळी एकमेकांना चिकटून बसली. तेवढ्यात पुढून सासूबाईंचा आवाज आला, "कोना येडाले हिवाळामा पंखा सुचना? बंद करा तो!"

मीच उठले आणि बंद केला.