ऑल्टवर ठेवलेली पक्कड

"वहिनी, वेबसाइट बनवायचा हा एडिटर प्रोफेशनल लोकांचा आहे. तुम्ही त्या फंदात पडू नका," दीर फोनवर म्हणाला. हा घरातला इंजिनिअर. 'येत्या रविवारी दुकानाची वेबसाइट करतो' म्हणत त्याने वर्षभराचे रविवार खाल्ले होते.

"राहू द्या भावोजी. मीच करते," म्हणून तिने फोन ठेवला.

नवरा-बायकोचं विजेच्या वस्तू दुरुस्तीचं दुकान. जवळच्या लॉजच्या मॅनेजरला सगळ्या खोल्यांचे पंखे दुरुस्त करून हवे होते. पण आधी दुकानाची साइट दाखवा, तीही आज दुपारपर्यंत. महिन्याचं काम होतं. सोडायचं कसं?

एडिटरचा काळा पडदा, त्यावर रंगीबेरंगी अक्षरं. शिकवणीच्या व्हिडिओतलं कार्टं 'एकदम सोपं आहे' म्हणायचं आणि नेमकं अवघड तेवढं गाळायचं. असल्या शिक्षकांना जळालेली मोटर गुंडाळायला बसवलं पाहिजे.

तरी तिने पान उभं केलं. पंखा, मिक्सर, इस्त्री, टीव्ही. प्रत्येकाखाली क्लिक करून नीट तपासलं. कीबोर्ड दुरुस्तीच्या टेबलावरच होता आणि नवऱ्याची पक्कड ऑल्टच्या बटणावर आडवी पडली होती. तपासून झाल्यावर नवऱ्याने ती उचलून नेली. मग तिने टीव्हीखाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'हे काम आम्हाला जमत नाही. उगाच फोन करू नये.' सेव्ह केलं. सेव्ह केलं की थेट साइटवर जात होतं.

नवऱ्याने मोबाइलवर साइट उघडली. "अगं, आपल्याला पंखा जमत नाही?"

"काय बडबडताय?"

"मिक्सरही जमत नाही. इस्त्रीही नाही. मग मी इतकी वर्षं इथे करतोय काय?"

ऑल्ट दाबून जिथे जिथे क्लिक करावं तिथे तिथे कर्सर बसतो आणि लिहिलेलं सगळीकडे उमटतं. कार्ट्याने हेही गाळलं होतं.

"तुझ्या भावोजींना फोन लावू?"

"लावून तर बघा!"

एकेक बटण धुंडाळत तिने इलाज शोधला. एक वाक्य निवडायचं, मग तशीच सगळी निवडायची आणि पुसायची. पुसलं, तोच फोन वाजला. मॅनेजर.

"बाई, साइट बघितली. सगळ्या कामांखाली एकच वाक्य?"

"चूक माझी. नवा एडिटर शिकतेय. आत्ताच काढलं."

पलीकडून मग दबका आवाज आला, "काळ्या पडद्याचा का? मग ते सगळीकडून काढायचं कसं, मलाही सांगा ना. लॉजच्या साइटवर मी एका खोलीखाली 'पंखा बंद आहे' लिहिलं, ते सगळ्या खोल्यांखाली गेलं. मालकांनी वाचलं आणि सगळेच पंखे दुरुस्तीला काढले. माझी चूक सांगायची हिंमत होईना."

फोन स्पीकरवर होता. नवरा पक्कड हलवून 'सांगू नको, सांगू नको' अशा खुणा करत होता.

तिने फोनवर हात ठेवला. "धडधाकट पंखे दुरुस्त करून पोट भरायचंय का?" आणि मॅनेजरला सगळं सांगितलं.

"गेलं! सगळं गेलं!" मॅनेजर आनंदाने ओरडला. "बाई, उपकार झाले. आता तेवढा एक पंखा बघायला माणूस पाठवा."

"महिन्याचं काम अर्ध्या तासावर आणलंस," नवरा शिडी उचलत पुटपुटला.

तिने त्याची पक्कड पार वरच्या फळीवर ठेवली आणि पानाच्या तळाशी नवं काम टाकलं, 'वेबसाइट दुरुस्ती'. कर्सर एकच आहे ना, ते दोनदा बघितलं. त्याखाली लिहिलं, 'हे आम्हाला जमतं. रविवारीसुद्धा.'

आणि लिंक आधी दिराला पाठवली.